सहा घरांचा खंड्या

फार मागे माळावर सहा घरांची एक वस्ती होती. सहाही घरांत मिळून खंड्या हा एकच कुत्रा. एका साली विहिरीच्या पाण्यावरून भांडण पेटलं आणि घराघरांतलं बोलणं तुटलं. खंड्या दारात आला की, "त्यांच्याकडं जा," म्हणून जो तो हाकलू लागला.

गोठ्यातली गाय कळवळून म्हणाली, "अरे, एक घर धर. पोटभर मिळेल."

"मग बाकीच्या पाच घरांवर भुंकावं लागेल, ताई. त्यांची पोरं माझ्या अंगावर लोळून मोठी झालीत."

उपाशीपोटी तो सहाही दारं राखत राहिला. नवव्या दिवशी विहिरीपाशी त्यानं प्राण सोडला.

सगळी वस्ती जमली. म्हातारी सगुणाबाई रडत शेजारणीला म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही भाकरी घालत असाल."

तसं सगळ्यांनाच वाटलं होतं.