लाल टिंबापाशी अडलेले दरबारी

“यादी कोरी? माझ्या दरबारात एकही शहाणा नाही?” राजा प्रचंडसेन कडाडला.

प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता. एका टोकानं सगळे दरबारी आत घालायचे, दुसऱ्या टोकानं शहाणे तेवढे बाहेर काढायचे, आणि त्यांना सोन्याचं कडं द्यायचं. बाहेर आलं काय? कोणीच नाही!

“चूक शोधा! पण माझं एक अक्षरही बदलायचं नाही. संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर संगणकखान्याला टाळं!”

तिथं नवीनच नोकरीला लागलेल्या येसूला हे परवडणारं नव्हतं. नोकरी सुटली की बाप त्या घोरणाऱ्या आतेभावाशी तिचं लग्न लावून मोकळा होणार होता!

संगणकखान्यातल्या पंडितांनी प्रोग्रॅमच्या मधल्या ओळीशेजारी लाल टिंब लावलं. प्रोग्रॅम तिथं आला की थांबणार आणि हातात काय आहे ते दाखवणार. सगळे डोळे ताणून बसले. पण प्रोग्रॅम तिकडं फिरकेचना!

“टिंबच बिघडलंय,” मुख्य पंडित म्हणाले.

“नाही हो, पंडितजी,” येसू म्हणाली, “हा प्रोग्रॅम माझ्यासारखा आळशी आहे. ताट मागितल्याशिवाय मी तरी कुठं जागची हलते? पुन्हा कोरीच येणार म्हणून यादी कुणी मागितलीच नाही, मग हा कशाला उठतोय? महाराज, मागा ना!”

राजानं यादी मागितली. प्रोग्रॅम टिंबापाशी थांबला. हातात सेनापती!

“सगळे एकदम बघ की!” राजा खेकसला.

“माझं डोकं केवढंसं, महाराज! एका वेळी एकच माणूस मावतो त्यात.”

एकेकाला थांबवत, निरखत ती शेवटापर्यंत गेली. मग कपाळावर हात मारून घेतला.

“महाराज, तुमचा शहाणा कोण? जो तुमच्याशी वाद घालत नाही, आणि जो खरं बोलतो. सेनापती खरं बोलतात, म्हणून वाद घालतात. ते गळाले! प्रधानजी वाद घालत नाहीत, कारण खोटं बोलतात. तेही गळाले!”

प्रधानजींना एकदम खोकला आला.

“म्हणजे चूक माझी?” राजानं डोळे वटारले.

येसू दोन पावलं मागं सरकली. पण तोंड कुठलं थांबतंय!

“मी हो म्हणाले तर वाद घातला, नाही म्हणाले तर खोटं बोलले. काहीही म्हटलं तरी तुमच्या शहाण्यांत माझा नंबर लागत नाही, महाराज!”

राजा असा खदाखदा हसला की मुकुट नाकावर आला. “बरोबर आहे गं बाई! अशी चाळणी लावणारा मी तरी कुठला शहाणा!” म्हणत त्यानं स्वतःच्या हातातलं कडं काढून येसूला दिलं, आणि संगणकखान्याच्या किल्ल्याही तिच्याच हवाली केल्या.