कलमदानावरचं नाव

"उस्ताद, शहराच्या हाकिमाकडे गेलेलं ते कलमदान मी रंगवलं. मग अख्ख्या इस्फहानात एकही माणूस ते का मानत नाही?"

उस्ताद कागदाच्या लगद्याची नवी पेटी घासत राहिले.

कारखान्यातले पुरुष हसले. "हाकिमाची तसबीर म्हणे हिनं काढली! बाई, तू आपला सरस उकळ."

"सरस उकळतेच. पण हाकिमाच्या मिशीचा केस न् केस माझा आहे! आणि कोपऱ्यात नाव कुणाचं? 'या सत्तार'. तुमचं!"

"ती दुआ आहे," उस्ताद म्हणाले. "सत्तार म्हणजे दोष झाकणारा, 'या' ही त्याला हाक. तो वर असतो."

"आणि हा खाली बसलेला सत्तार?"

"तो रोगण लावतो. तेही झाकणंच."

"मला शब्दांत गुंडाळू नका. या नव्या पेटीवर तरी माझं नाव घाला."

"थर सुकू दे, बेटी…"

दाराशी घोडे थांबले.

हाकिमाचा जमादार आत आला. त्यानं तेच कलमदान आमच्यापुढे आदळलं. शेगडीजवळ ठेवलं असणार मेल्यांनी. रोगण तडकलं होतं. तडा नेमका तसबिरीतल्या हाकिमाच्या गळ्यावरून गेला होता.



"ही करणी आहे," जमादार म्हणाला. "रंगवणाऱ्याचा हात मनगटापासून तोडून न्यायचाय. कोण तो?"

"ही! हिनंच! केस न् केस हिचा!"

बघा. एका दमात मानलं सगळ्यांनी.

माझा उजवा हात चादरीआड गेला. मी नेला नाही, तो गेला. बोटांवर रंग होता. तरी म्हटलं, "मीच…"

उस्ताद उठून माझ्या आणि जमादाराच्या मधे येऊन बसले.

"तिचं काय ऐकता? ती रोजच असं म्हणते. विचारा यांना, कुणी कधी मानलंय का?"

माना खाली गेल्या.

"कोपरा वाचा," उस्ताद म्हणाले.

जमादारानं कलमदान उजेडात धरलं. "या सत्तार… ही तर दुआ आहे. दुआचा हात कसा तोडू? मला माणसाचं नाव हवंय."

उस्तादांनी बाही वर सारली.

"उस्ताद!" मी किंचाळले. "ते काम माझं आहे!"

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"थर सुकू दे म्हटलं ना…" मग हात जमादारापुढे ठेवत म्हणाले, "माणसाचंही नाव तेच. सत्तार."