नऊ लेबलांचं ओझं

मिरजेत एक गुरू राहायचे, उस्मानचाचा नदाफ, आणि त्यांची एक शिष्या होती, केतकी विरकर. विद्या कसली? तर तारेतून निघालेल्या निरोपाला वाट दाखवायची. चाचांच्या हाताखाली पन्नासजण शिकले, पण केतकीइतकं तल्लख कुणी नाही. हे तिलाही ठाऊक होतं, तीच पंचाईत.

"चाचा, माझी वाट चुकली कुठं?"

तिकडं हिमाचलात, बर्फातल्या केलाँगला तिच्या भावाच्या लेकीचं बारसं. रस्ता बंद. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या इथं यंत्रापुढं. मुहूर्त दुपारी बाराचा. व्हिडिओ कॉलच्या सरळ वाटेवर गर्दी, चित्र तुटायचं. म्हणून केतकीनं नऊ ठाण्यांची आडवाट काढली आणि नऊ ठाण्यांची नऊ लेबलं निरोपाच्या डोक्यावर एकावर एक रचली.

निरोप उंबऱ्यातच कोसळला.

"वाट बरोबर आहे," चाचा म्हणाले. "आपला राउटर लेबलं किती चढवतो?"

"पाच."

"आणि तू देतेस नऊ."

"मधल्या ठाण्यांवर माझा भरवसा नाही. सगळं माझ्या हातात हवं."

"हाताला बोटं किती?"

केतकीनं आपल्या पंजाकडं पाहिलं.

"गेल्या साली भावाकडं गेलीस. रस्ता पाठ होता?"

"मनालीपर्यंत. पुढं जीपवाल्याला म्हटलं, विरकर डॉक्टरांकडं."

"वळणं सांगितलीस त्याला?"

"मला कुठं ठाऊक होती?"

"तरी पोचलीस. आणि वर जेवूनही आलीस."

केतकीला हसू फुटलं. चाचांनी तिचा कागद ओढला. पहिली चार ठाणी ठेवली. खालच्या पाचांवर काट मारली आणि त्या जागी एकच आकडा लिहिला.

"एवढ्यानं चौथ्या ठाण्याला काय कळणार?"

"आधी त्याला लिहून ठेव. हा आकडा आला की उतरवायचा, आणि पुढची पाच लेबलं तिथून चढवायची."

"हे बाइंडिंग लेबल की. तुम्ही शिकवलं होतंत."

"शिकवलं होतं. तुला त्यात कमीपणा वाटला."

बाराला तीन मिनिटं होती. तिनं चौथ्या ठाण्याला लिहिलं. निरोप पाच लेबलं घेऊन निघाला...

आणि समोर पडद्यावर पाळणा. वहिनीचा हसरा चेहरा. भावाच्या डोक्यावर फेटा, तोही वाकडा.

वहिनीनं फोन बाळाच्या कानाशी नेला.

"कुर्रर्र... रेवा," केतकी म्हणाली, आणि बाळानं टक्क डोळे उघडले. बायकांनी आत्याच्या नावानं पाळण्यावरच धपाटे घातले. घरभर हसू.

"एवढंसंच?" भाऊ म्हणाला. "आजीचं, पणजीचं, कुणाचं तरी जोड की मागं."

केतकीनं चाचांकडं पाहिलं.

चाचा पडद्याकडं वाकले.

"जाऊ दे रेवाला एवढंच नाव घेऊन. पुढचं तिला तिथं तिथं कळेल."