मृणेनं मागितलेला वर

पूर्वी त्रेतायुगात हेमकूट पर्वताच्या पायथ्याशी नीलोदक नावाचं एक विस्तीर्ण सरोवर होतं. देवांनी न्हावं असं त्याचं जल निर्मळ, आणि हात घातला तर हाड गोठावं इतकं थंड. त्यात सहस्रदल कमळं फुलत. त्यांचा देठ अलगद मोडून ओढला की कोळ्याच्या जाळ्याहून तलम तंतू निघे, आणि त्या तंतूंचं शुभ्र वस्त्र विणून दर वर्षी इंद्रध्वजाच्या उत्सवात शचीदेवीला अर्पण होई. स्वर्गात त्या वस्त्राची फार वाहवा. ते कुणाच्या बोटांनी निघतं, हे मात्र तिथं कधी कुणी विचारलं नाही.

तर ऐका. तो तंतू मोठ्या माणसाच्या हाती टिकत नसे. बोट जरा जाड झालं की तटकन तुटायचा. म्हणून कुबेराचा सेवक हेमकुक्षी नावाचा यक्ष काठावरच्या झोपड्यांतली लेकरं उजाडताच पाण्यात उतरवी. कमरेइतक्या पाण्यात ती दिवसभर उभी. सांजावताना काठाशी येऊन उभी राहत, तेव्हा त्यांची बोटं भिजल्या भातासारखी पांढरी पडलेली असत. मग हेमकुक्षी एकेकाच्या पदरात नीवाराची, म्हणजे रानभाताची, एक वाटी ओती. त्या वाटीवर घर जगे.

त्या लेकरांत मृणा नावाची पोर होती. बाप नव्हता. आई कर्दळी लहानपणी याच पाण्यात उभी राहिलेली, आता बोटं जाडावली म्हणून काठावर बसलेली, आणि मांडीवर मृणेचा तान्हा भाऊ.

एके दिवशी उग्रव्रत नावाचे महातपस्वी ऋषी तिथं स्नानास आले. मस्तकी जटाभार, सर्वांगी भस्म, अन् तेज असं की पक्षी बाजूला होत. त्यांनी पाण्यात शिरून सूर्याला अर्घ्य दिलं, तोच मागून आवाज आला.

"बाबा, जरा पलीकडं नाहा. पाणी हललं की तंतू तुटतो."

ऋषी वळले. "बालिके, या हिमशीतल जलात तू कोणतं व्रत आचरतेस?"

"व्रत कसलं? काम." मृणा देठावरची नजर न काढता म्हणाली, "व्रतात उपास असतो ना? तो आमच्याकडं बिनव्रताचाच होतो." बाजूची पोरं फिदीफिदी हसली.

ऋषींनी तिचा हात हातात घेतला, बोटं पाहिली, आणि त्यांचे नेत्र आरक्त झाले. ते बघून हेमकुक्षी लगबगीनं पुढं आला.

"मुनिवर्य, कोप नसावा. मी कुणाला बांधून आणलेलं नाही. आयाच हात धरून आणून सोडतात. मी नसतो तर ही पोरं केव्हाच यमसदनी गेली असती. मी धर्मच करतो म्हणा ना."

"अधमा, त्या मुखानं धर्माचं नाव घेऊ नकोस." उग्रव्रतांनी कमंडलूतलं ओंजळभर जल घेतलं. "ऐक माझी शापवाणी. आजपासून या नीलोदकात ज्या क्षणी बालकाचा देह भिजेल, त्या क्षणी इथली कमळं कोमेजून जातील."

आकाशातून पुष्पवृष्टी झाली. वरून फुलं टाकायला देवांचं काय जातं? लेकरं पाण्याबाहेर धावली, काठच्या वाळूत मनसोक्त खेळली. ते पाहून ऋषींचं अंतःकरण भरून आलं. कृतार्थ होऊन ते निघाले, तर कर्दळी वाटेत उभी.

"महाराज, उपकार झाले. पण आजची वाटी?"

"माते, परमेश्वर विश्वंभर आहे. माझं महासत्र खोळंबलं आहे."

आणि ते गेले. ओंजळभर पाणी, एवढंच त्यांचं खर्च झालं होतं.

हेमकुक्षीनं राहुट्या मोडल्या आणि डोंगरापलीकडच्या दुसऱ्या सरोवराकडं निघाला. जाताना म्हणाला, "तिकडं अर्ध्या वाटीतही पोरं मिळतात." ज्यांना चालवलं ते लेकरं घेऊन त्याच्यामागं गेले. तान्ह्याला घेऊन कर्दळीला तो घाट चढवेना. काठचे कंद खणून खणून संपले. तिचं दूध आटलं. मार्गशीर्षात ते बाळ कदंबाखाली पुरलं.

यज्ञाचं ते सत्र संपलं. समाप्तीच्या स्नानाला उग्रव्रत नीलोदकावर आले, तेव्हा वाळूत एकही पोर खेळत नव्हतं. ओस झोपड्या, आणि त्या दोघी.

"तुमच्या शापानं हिचे हात कोरडे झाले, महाराज," कर्दळी बसल्या जागेवरून म्हणाली. "त्या कोरड्या हातांत तुम्ही काय ठेवलंत? तुमच्या सत्रात रोज पंक्ती उठल्या. वारा असला की तुपाचा वास इथवर यायचा."

ऋषींची मान खाली गेली. दिलेला शाप ब्रह्मदेवालाही मागं घेता येत नाही. ते मृणेपुढं बसले. "बाळे, सारं तप पणाला लावून तुला वर देतो. सुवर्ण माग, स्वर्ग माग, धान्याची रास माग. जे मागशील ते मिळेल."

"रास संपली की? तुम्ही याल?"

'येईन, रोज येईन' हे शब्द ओठांशी आले होते. पण पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्या सत्राचा संकल्प झालेला.

"काम रोज येतं, बाबा. तुम्ही नाही येत. पाण्यात न भिजता मला कमळापर्यंत जाता येईल, असं करा. मग कमळं कोमेजणार नाहीत, यक्ष परतून येईल, आईला वाटी मिळेल."

"बाळे, दुसरं काही माग."

"दुसरं काय असतं?"

वचन तर देऊन झालं होतं. ऋषी म्हणाले, "तथास्तु."

पाहता पाहता मृणेची काया पिसासारखी हलकी झाली, पायांची बोटं लांब लांब वाढली, आणि ती कमळाच्या पानांवरून चालू लागली. एक पान बुडालं नाही, एक फूल कोमेजलं नाही. आनंदानं ती देठाशी वाकली, आणि तंतू धरायला हात पुढं करावा, तर हातांच्या जागी पंख होते.

उग्रव्रतांचं तप तिथंच संपलं. त्यानंतर त्यांनी कुणाला शाप दिला नाही की वर दिला नाही. शचीदेवीचं वस्त्र त्या वर्षीही वेळेवर पोचलं, डोंगरापलीकडून.

पुराण ऐकल्याचं पुण्य असतं म्हणतात. ही कथा ऐकून ते कुणी गाठी बांधू नये. लांब बोटांचा तो कमळपक्षी आजही पानापानावरून चालतो, चोचीनं देठ ओढतो, तंतू तुटतो. आणि सांज झाली, वाटी मिळायची वेळ झाली, की काठाशी येऊन उभा राहतो.