विरजणाची पळी

एकदा एका मठात औषधविद्या शिकायला कालिंदी नावाची मुलगी आली. आल्या दिवशीच मुदपाकखान्यातल्या वडीलधाऱ्यांनी तिला बजावलं, "महिन्याच्या चार दिवसांत बाईने विरजणाला हात लावला, की दही नासतं. का, ते विचारायचं नाही."

तिने विचारलंच. "नासताना कुणी पाहिलंय?"

"तुझ्या जिभेनेच नासेल एखाद दिवशी," मुख्य आचारी नरहरभट म्हणाले.

त्या उन्हाळ्यात दही खरंच बिघडू लागलं. त्याला तार सुटायची, कुबट वास यायचा. सगळ्यांची बोटं कालिंदीकडे वळली. हिनेच चोरून हात लावला असणार! पुन्हा दही बिघडलं, तर तिने विद्या अर्धी टाकून घरी जायचं, असं ठरलं.

तिचे गुरू, मठाचे वृद्ध वैद्य, तेव्हा मध्ये पडले नाहीत. मात्र पुढच्या वेळी ती बाजूला बसली, त्याच संध्याकाळी त्यांनी तिला चुलीपाशी बोलावलं. गवळ्याकडून ताजं विरजण आणवलं. तापवून कोमट केलेलं दूध चार स्वच्छ भांड्यांत ओतलं. नरहरभटांना आणि तिला हात धुवायला लावले. मग देव्हाऱ्याजवळची लाकडी पळी काढली. मठात विरजण लावायचं ते याच पळीने. तिच्यात गुण उतरलाय, म्हणून ती धुवायची नाही, नुसती पुसायची. दुसरी एक पळी त्यांनी खळखळत्या पाण्यात उकळून घेतली.

"दोघांनीही एक भांडं जुन्या पळीने विरजा, एक उकळलेल्या."

"म्हातारपणी चळ लागला," नरहरभट पुटपुटले. पण विरजण लावलं.

सकाळी सर्वांदेखत झाकणं निघाली. उकळलेल्या पळीच्या दोन्ही भांड्यांत दही कवडीसारखं लागलं होतं. त्यातलं एक कालिंदीचं. जुन्या पळीच्या दोन्ही दह्यांना तार सुटली होती. त्यातलं एक नरहरभटांचं.

गुरू म्हणाले, "दूध विरजतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमुळे. विरजण म्हणजे त्यांचं बियाणं. पण सगळेच सूक्ष्म जीव दही लावणारे नसतात. या पळीच्या भेगांत दुसऱ्यांनी घर केलंय. त्यांना ऊब, ओल आणि अन्न मिळालं की पुरे. हात कुणाचा आणि दिवस कोणता, हे ते विचारत नाहीत. उकळत्या पाण्याला मात्र भितात."

नरहरभटांनी चारही भांडी पुन्हा हुंगून पाहिली. मग म्हणाले, "बरं, पळी बदलू. पोरीने घरी जायचं कारण नाही. पण चार दिवसांचा नियम जुना आहे. तेवढं बाहेर बसायला तुझं काय जातं गं?"

कालिंदीने गुरूंकडे पाहिलं. गुरू हळूच म्हणाले, "सगळं एकदम बदलत नाही, पोरी. थोडं सबुरीने घे."

"गुरुजी, ते जीव दिवस विचारत नाहीत, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग तुम्ही का विचारता?"

तिने हात धुतले. उकळलेली पळी उचलली आणि ताकासाठी आपलं दही घुसळायच्या डेऱ्यात काढू लागली.

"मी बाहेर बसणार नाही. आजही नाही, पुढच्या महिन्यातही नाही."

नरहरभट गुरूंच्या तोंडाकडे पाहू लागले. गुरू जुन्या पळीकडे पाहत राहिले.