कोरं कार्ड

वस्तू बोलायच्या, पण विचारल्याशिवाय चकार शब्द काढायच्या नाहीत, त्या काळची ही गोष्ट.

एका शाळेत साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर होता. मुलांनी तीन वर्षं मोजलेला पाऊस त्याच्या मेमरी कार्डात साठवलेला होता. एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. लाल दिवा लागला, पण स्क्रीन काळाच राहिला.

"वीज तर येतेय," तरडेबाई म्हणाल्या. "काय रे कार्डा, बिघडलंस ना?"

"नाही बाई, मला सगळं आठवतंय."

"बिघडलेले सगळे असंच म्हणतात!" बाईंनी कार्ड पुसून कोरं केलं आणि सिस्टिम नव्याने भरली. तरी स्क्रीन काळाच.

बाई हताश होऊन बसल्या. मग त्यांनी वायरला विचारलं, "आणि तू गं?"

"मी मोबाइलची वायर. परवा साफसफाईत माझी अदलाबदल झाली. दिवा लागण्यापुरती वीज मी आणते, कॉम्प्युटरला ती पुरत नाही."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाईंनी जुनी जाड वायर शोधून लावली. स्क्रीन लगेच उजळला. बाईंना आनंद झाला. त्यांनी कार्डाला विचारलं, "सांग बघू, गेल्या जूनमध्ये पाऊस किती झाला?"

कार्ड म्हणालं, "पाऊस म्हणजे काय, बाई?"