पाकिटातली भाजी

एकदा एका बंदराच्या गावात एक तरुण अधिकारी बदलून आला. काम मालाच्या वर्गवारीचे. परदेशातून जे जे उतरते त्याला नाव द्यायचे. नाव पडले की कर ठरतो, आणि कर ठरला की व्यापाऱ्याचे तोंड गोड होते, नाहीतर कडू. हे काम शिकवायला कचेरीत एक म्हातारा पारखी होता. त्याला सगळे गुरुजी म्हणत. आदराने थोडे, धास्तीने जास्त.

तरुणाचे गावात कोणी नव्हते. खानावळीत जेवायचे आणि खोलीवर जाऊन भिंतीकडे बघत बसायचे. रविवार आला की त्याला ताप आल्यासारखे व्हायचे. लोक त्याच्याशी एकतर कामापुरते गोड बोलत, नाहीतर बोलतच नसत.

अशात एका व्यापाऱ्याचा माल बंदरात अडकला. डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेली पाकिटे. आत बटाटा, वाटाणा, गाजर, मसूर, दलिया, सगळे शिजवून मग खडखडीत वाळवलेले. उकळते पाणी ओतायचे, जरा झाकून ठेवायचे, झाले. प्रश्न एवढाच की याला म्हणायचे काय? वाळवलेली भाजी म्हटले तर कर हलका. तयार जेवण म्हटले तर जड.

व्यापारी तरुणाला म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी गवार वाळवत होते की नाही?"

"आई वाळवायची. मेथीसुद्धा."

"मग त्या मेथीला कोणी जेवण म्हणालं का कधी? ही तशीच भाजी. शंका असेल तर रविवारी घरी या. खाऊनच ठरवा."

मालवाल्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाही, हा त्या कचेरीचा जुना रिवाज. तरुणाने स्वतःची समजूत घातली की माल चाखायचाच आहे, मग इथे काय आणि तिथे काय! माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो. खरे कारण तो रविवार होता.

घर भरलेले होते. पोरे अंगाखांद्यावर चढत होती. व्यापाऱ्याची आई पोळ्या लाटत होती. पाकीट कढईत पडले, वर हिंग-मोहरीची फोडणी बसली. पानात शेजारी वरण, लोणचे, वाटीत ताक.

"अरे, पोळी घे की," म्हातारी म्हणाली. "कचेरीत काय कागद खाता का रे? पोट बघ कसं पाठीला लागलंय!"

त्या गावात त्याला अरे म्हणणारी ती पहिलीच. त्याने मुकाट्याने आणखी एक पोळी घेतली.

"पुढच्या रविवारी पण यायचं. नाही आलास तर मी डबा घेऊन कचेरीत येईन, मग बस लाजत."

सोमवारी तो म्हाताऱ्यापुढे उभा राहिला. "गुरुजी, ती भाजीच आहे. खाऊन पाहिली."

"कशाशी खाल्लीस?"

"पोळीशी."

"कुठे?"

तरुणाने व्यापाऱ्याचे घर सांगितले. म्हातारा एरवी खेकसायचा; त्या दिवशी खेकसला नाही, तेव्हा तरुण जास्त घाबरला. म्हाताऱ्याने नमुन्यातले एक पाकीट फोडले, त्यात उकळते पाणी ओतले, हातात चमचा दिला आणि भर दुपारी त्याला गोदामाच्या एका रिकाम्या खोलीत नेऊन सोडले.

"गुरुजी, हे काय?"

"जेव." आणि बाहेरून कडी लावली.

आत एक चटईसुद्धा नव्हती. तरुणाला आधी राग आला, मग रडू आले, मग भूक लागली. बोलायला कोणी नाही, वाढायला कोणी नाही. तो खात गेला. पाकीट निपटून झाल्यावर ध्यानात आले, की इतका वेळ आपला हात पोळी शोधायला एकदाही गेला नाही.

कडी निघाली.

"पोट भरलं?"

"भरलं."

"पोळी हवी होती? भात?"

"नाही."

"मग भाजी कसली ती? भाजी तोंडी लावायची असते, तिला भाकरीचा हात धरावा लागतो. डोंगरावर चढणारा काय पोळपाट पाठीला बांधून चढतो? त्याचं हे सगळं जेवण आहे." म्हातारा उंबऱ्यावरच टेकला. "काल तू पाकीट खाल्लंच नाहीस. पोळी खाल्लीस, वरण खाल्लंस, त्या घरची माया खाल्लीस. माया खोटी होती असं मी म्हणत नाही. पण माल बोटीतून उतरला तो मायेवाचून उतरला. त्याला तसा एकटाच बघावा लागतो. आणि तसं बघायचं, तर बघणाराही एकटाच लागतो. लाच काय नोटांचीच असते? उपाशी माणसाला घासाची लागते, एकट्याला हाकेची."

तरुण खाली बघत म्हणाला, "म्हणजे ते घर गेलं माझं."

"गेलं," म्हातारा म्हणाला. खोटा धीर देणे त्याला जमत नसे.

तरुणाने निवाडा दिला: तयार जेवण. व्यापारी भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. दारातून वळून तो एवढेच म्हणाला, "आई विचारत होती, रविवारी काय करू म्हणून. काय सांगू तिला?"

तरुण निवाड्याचा कागद फायलीत लावू लागला. तो रविवार आला. कोणी बोलावले नाही, आणि डबा घेऊनही कोणी आले नाही.

संध्याकाळी न राहवून तो म्हाताऱ्याच्या खोलीवर गेला. "गुरुजी, तुम्ही तरी चला माझ्याकडे. खिचडी टाकतो. दोघं जेवू."

म्हाताऱ्याने खुंटीवरची टोपी काढली आणि पुन्हा अडकवली. यावेसे वाटत होते, ते तोंडावर दिसत होते.

"नको रे," तो शेवटी म्हणाला. "तुझे निवाडे तपासायला माझ्यापुढेच येतात. तुझं मीठ खाल्लं की तुझ्या चुका मला अळणी लागतील."

तरुण परत फिरला. आठवड्यापूर्वी हेच ऐकून त्याला अपमान वाटला असता. आता वाटला नाही. त्याने एकट्यापुरती मूठभर खिचडी टाकली आणि ती निवायच्या आत खाल्ली.

ज्याला खरे नाव द्यायचे आहे त्याने पंगतीत बसून देऊ नये. पंगत सुटल्याचे वाईट वाटणारच; ते वाटू द्यावे, आणि सही करावी.